वारंग्याची तिसरी तबकडी

डॉक्टर खंदारे यांचे कान साठीतच गेले, असं ते वारल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोघांनी सांगितलं. तिसरा बोलणारा मी होतो. मीही तेच सांगितलं. पुढच्या रांगेत त्यांची मुलगी प्रज्ञा बसली होती, तिनं मान हलवली. घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं, पण मी जेवायला बसलो नाही.

ते खरं नाही. त्यांचे कान साठीत गेले नव्हते. पुढं बरीच वर्षं ते चांगले शाबूत होते. हे हिंगोलीत मी आणि माझी बायको सोडून कुणालाच माहीत नाही, आणि मला का माहीत आहे हे बाहेर सांगायचं मी आजवर टाळत आलो. आधी टाळलं ते डॉक्टरांना काय वाटेल म्हणून. मग त्यांना खरंच ऐकू येईनासं झालं, तेव्हा आता सांगून काय उपयोग म्हणून. ते गेल्यावर तर टाळायला कारणही लागेना. पण प्रज्ञा आता वडिलांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढते आहे. "सर, बाबांच्या त्या संगीताबद्दल तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, तेवढं तुम्ही लिहा," असं ती फोनवर म्हणाली. तर लिहितो. छापायचं की नाही ते तिनं ठरवावं.

डॉक्टर वामनराव खंदारे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत हट्टा, कळमनुरी असं फिरून शेवटी हिंगोलीत घर बांधून राहिले, ते आमच्या शेजारीच. मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. उंच माणूस, पण जन्मभर जनावरांपुढं वाकून खांदे पुढं आलेले. मिशा बारीक कापलेल्या. चालताना मान एका बाजूला किंचित कललेली, कुणी मागून हाक मारतंय की काय असं वाटावं अशी.

जगाकडं ते कानानं बघायचे. गेट वाजलं की खिडकीतून न बघता सांगत, "पोस्टमन हाय," किंवा "प्रज्ञाची मैत्रीण हाय, चप्पल तुटलेली दिसते." मी नवी घेतलेली स्कूटर दाखवायला नेली, तर रंगाकडं न बघता म्हणाले, "मागच्या पायानं लंगडून राहिली तुमची गाडी, सर." मिस्त्रीनं उघडली तेव्हा मागच्या चाकातच बिघाड निघाला. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बाया टरबूज घ्यायला त्यांना बाजारात न्यायच्या. डॉक्टर ढिगाजवळ उकिडवे बसायचे, एकेक फळ उचलून कानाशी धरायचे, टिचकी मारायचे. विकणारा वैतागायचा.

"ओ काका, टरबूज हाय त्ये, ट्रान्झिस्टर न्हाई."

"बोलून राहिलं ना पण," डॉक्टर शांतपणे म्हणायचे. "हे म्हणतं, मला आठ दिवस राहू द्या."

त्यांनी काढून दिलेलं टरबूज कधी पांढरं निघालं नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत चावी द्यायचा एक जुना ग्रामोफोन होता आणि दोन पत्र्याच्या पेट्या भरून तबकड्या. सुरुवातीला मला वाटलं, नाट्यगीतं असतील. तर सगळ्या परदेशी. त्याही गाण्याच्या नव्हेत. नुसत्या चार वाद्यांच्या. दोन व्हायलिन, त्याहून थोडं मोठं आणि जाड आवाजाचं एक, आणि दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं भलं मोठं चौथं. ना तबला, ना पेटी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे लोक वाद्यं लावतायत आणि गाणं अजून सुरू व्हायचंय, असंच मला वाटत राहिलं. तबकडी संपली तेव्हा कळलं की तेच गाणं होतं.

डॉक्टर मनापासून हसले. "मलाबी पहिल्यांदा असंच वाटलं व्हतं. सर, गाणं शोधू नका. चौघं जण ओट्यावर बसून बोलून राहिलेत, असं समजा. आपण भिंतीआड हावोत."

मग त्यांनी मला त्या चौघांची ओळख करून दिली. पहिलं व्हायलिन म्हणजे थोरला, सगळ्यांत आधी बोलणारा. दुसरं म्हणजे धाकटा, थोरल्याच्या हो ला हो करणारा. जाड आवाजाचं तिसरं म्हणजे मधली. तिला डॉक्टर बाईच म्हणायचे. "हिच्याकडं कुणाचं ध्यान नसतं. पण हिला काढून बघा, घर बसलं खाली." आणि चौथा, खालच्या आवाजाचा, तो आजा. आजा कमी बोलतो. पण तो बोलायला लागला की बाकीचे गप्प होतात.

डॉक्टरांच्या पत्नी विमलवहिनींनी या मंडळींना वेगळंच नाव ठेवलं होतं. रविवारी सकाळी त्या विहारात वंदनेला निघाल्या की दारातून म्हणायच्या, "लागली का तुमची चांडाळ चौकडी? सर, दूध उतू जाऊ देऊ नका तेवढं. ह्यांना दूध ऐकू येतं, पण उठत न्हाईत."

हे सगळं त्यांच्याकडं आलं कुठून? हैदराबादला शिकत असताना सिकंदराबादेतल्या एका परदेशी म्हाताऱ्या बाईच्या आजारी कुत्र्याला ते रोज औषध द्यायला जात. बाई कधीकाळी व्हायलिन शिकवायची. हात थरथरायला लागले होते, तबकडी उचलता येत नव्हती. कुत्र्याचं औषध झालं की ती या विद्यार्थ्याला थांबवून घ्यायची आणि तबकड्या पालटायला लावायची. देश सोडून परत निघाली तेव्हा म्हणाली, या वजनदार वस्तू मी कुठं नेऊ, कुत्रा आणि हे दोन्ही तुझं. "कुत्रं लवकरच गेलं," डॉक्टर सांगायचे. "ह्या राहिल्या. ह्यांना खायला लागत न्हाई."

आता इथं तबकडी पालटणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझा या गोष्टीत शिरकाव त्यातूनच झाला. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचंच वाजवणं मावतं. एक पूर्ण रचना तीन-चार तबकड्यांवर तोडून भरलेली असते. मधे विषय अर्धा असला तरी बाजू संपते. मग तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी द्यायची, आणि पुढं. डॉक्टर डोळे मिटून, खिडकीकडं तोंड करून बसायचे. ते संपूर्ण रचना होईपर्यंत डोळे उघडत नसत. मधल्या वेळात उजव्या हाताचं एक बोट वर धरून ठेवत. आधी वहिनी पालटायच्या, पण त्यांना कंटाळा आला. मग ते काम माझ्याकडं आलं.

"घाई करायची न्हाई अन् उशीरबी लावायचा न्हाई," त्यांनी मला बजावलं होतं. "मी सूर हवेत धरून ठेवतो. तुमी पालटेपर्यंत खाली पडला न्हाई पाहिजे."

मी पालटू लागलो. कॉलेजात मला कुणी विशेष मानत नव्हतं, घरीही नव्हतं. पण रविवारी सकाळी त्या खोलीत मी कामाचा माणूस होतो. पुढं पुढं मी इतका सफाईनं पालटायचो की डॉक्टरांचं बोट हलतही नसे. शेवटी डोळे उघडून ते म्हणायचे, "पडला न्हाई आज."

पोलादी सुया बाजारातून संपल्या तेव्हा आता हे बंद पडणार असं मला वाटलं. डॉक्टरांनी बाभळीचा काटा लावला. सिकंदराबादच्या त्या म्हाताऱ्या मॅडम कसला तरी काटाच वापरायच्या, हे त्यांच्या लक्षात होतं. काटे आणून द्यायचा मारोती शेळके. त्याची मेंढरं पावसाळा संपला की आमच्या बाजूला यायची. सावलीत वाळवलेले, एकसारख्या जाडीचे काटे तो फडक्यात बांधून आणायचा. डॉक्टर ते ब्लेडनं तासून बसवायचे. आवाज थोडा लहान येई, पण मऊ. "पोलाद तबकडीला खातं," ते म्हणायचे. "काटा सोताच झिजतो."

काटा कशाला लागतो हे मारोतीला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा रविवारी तो आला तेव्हा चौकडी चालू होती. डॉक्टरांचे डोळे मिटलेले, म्हणून तो उंबऱ्याशी पटका सावरत बसला. थोड्या वेळानं त्याला राहवेना. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "सर, ह्ये चौघं भांडून राहिले का काय?"

मी बोट ओठावर ठेवलं. पण डॉक्टर डोळे न उघडता बोलले. "भांडण न्हाई, मारोती. वाटणी चालू हाय."

"मंग त्यो खालच्या आवाजाचा बाप आसन."

"आजा."

"आजाच कबूल न्हाई तर वाटणी व्हतीय कशाची," मारोती म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. डॉक्टरांना इतकं हसू आलं की सूर खाली पडला. ती एकच वेळ, जेव्हा आम्हांला ती बाजू पुन्हा लावावी लागली.

तबकड्यांची मूळ नावं बऱ्याच ठिकाणी कसरीनं खाल्ली होती. उरलेली आम्हांला उच्चारता येत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना आपल्या गावांची नावं दिली होती. "आज हट्टा लावा," म्हणायचे. हट्टा म्हणजे एक वेगवान, कुरकुऱ्या स्वभावाची रचना. हट्ट्याला असताना एका आजारी बैलाला चार सख्ख्या भावांनी चार बाजूंनी धरलं होतं आणि चौघंही एकमेकांना सूचना देत होते. "बैल मधोमध उभा. शहाण्यासारखा. तसंच हाय हे."

आणि एक होती वारंगा.

वारंग्याची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. कळमनुरीला असताना वारंगा फाट्यावर एक ट्रक मेंढरांच्या कळपात घुसला. डॉक्टर पोचले तेव्हा रस्त्यावर मेंढरं पडलेली, ड्रायव्हर पळालेला, मेंढपाळाची बायको एकेकीला नावानं हाका मारत फिरत होती. डॉक्टर दिवसभर तिथं गुडघ्यांवर होते. एकेका मेंढीच्या छातीला कान लावायचा, श्वास आहे का बघायचं. असला तर टाके. नसला तर पुढची. संध्याकाळी घरी आले, जेवले नाहीत. हाताला आली ती तबकडी लावली. संथ, खालच्या आवाजातला भाग होता. तिसऱ्या तबकडीच्या मागच्या बाजूला तिन्ही वाद्यं थांबतात, आणि आजा सुरू होण्याच्या बरोबर आधी वाजवणाऱ्या माणसानं नाकानं श्वास ओढलेला ऐकू येतो. ती तबकडी त्यांनी आधी किती वेळा ऐकली असेल. पण तो श्वास त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला.

"दिवसभर श्वासच शोधून राहिलो व्हतो, सर," ते म्हणाले. "तो घरी सापडला."

त्यानंतर वारंगा लावली की आम्ही दोघंही त्या जागेची वाट बघायचो. तो श्वास आला की ते म्हणायचे, "आला." मी म्हणायचो, "आला." एवढंच. तो माणूस कोण होता, कुठल्या गावचा, आम्हांला माहीत नव्हतं. आमच्या जन्माआधी कधीतरी एका खोलीत खुर्चीवर बसून त्यानं श्वास घेतला होता आणि तो हिंगोलीत पोचला होता.

माझ्या मुलानं पुण्याहून सीडी प्लेअर आणला, आणि तबकडीवरचं उरलेलं नाव उतरून नेऊन हौसेनं वारंग्याच्याच रचनेची नवी सीडी शोधून डॉक्टरांना ऐकवली. आवाज काचेसारखा स्वच्छ. खरखर नाही, पालटणं नाही. डॉक्टर डोळे मिटून बसले. जिथं पहिली बाजू संपते तिथं सवयीनं त्यांचं बोट वर गेलं, आणि वाजवणं थांबलंच नाही. त्यांनी गडबडून डोळे उघडले. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "लई साफ वाजवतात. तयारीचे लोक हायेत." मुलगा गेल्यावर मला म्हणाले, "पण काहून हो, सर, ह्यातलं कुणीच श्वास घेत न्हाई?"

आता पुढचं.

डॉक्टर निवृत्त झाले त्याच्या थोड्या काळानंतर प्रज्ञाचं पहिलं बाळंतपण होतं. ती नागपूरला. डॉक्टर आणि वहिनी पावसाळाभर तिकडं राहायला गेले. किल्ली माझ्याकडं. जाताना एकच काम सांगितलं. "तबकड्यांना अधूनमधून हवा दाखवा. सुक्या मऊ कपड्यानं पुसा. दुसरं काई करू नका."

त्या वर्षी ओल फार होती. मी पेट्या उघडल्या तर काही तबकड्यांवर पांढरी बुरशी. वारंग्याच्या तिसरीवर सगळ्यांत जास्त. कोरड्या कपड्यानं ती पुसली जाईना, पसरायला लागली. मी रसायनशास्त्राचा माणूस. बुरशीवर उपाय काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून स्पिरिटची बाटली आणली. कापसाचा बोळा भिजवला आणि मागच्या बाजूवरून गोल फिरवला. बोळा काळा झाला. मला वाटलं, इतक्या वर्षांचा मळ निघतोय. आनंद झाला. दुसरा बोळा घेतला, जरा जोर लावला. तोही काळा.

मग ती बाजू वाळली. तिच्यावरची चकाकी गेली होती. पाटीसारखी राखाडी झाली होती.

या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात, हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देत होतो. फळ्यावर लिहीत होतो. मळ निघत नव्हता, तबकडीच निघत होती.

मी ती लावून पाहिली. सूप भरून ज्वारी पाखडावी तशी खरखर. वाद्यं त्यामागून ऐकू येत होती, मोठ्या आवाजाची तेवढी. तो श्वास नव्हता. तीन-चारदा लावली. नव्हता. बाकीच्या तबकड्यांना मी हात लावला नाही. ती पुठ्ठ्याच्या खणात घातली, पेटी बंद केली आणि डॉक्टर आले की लगेच सांगायचं ठरवलं. मनात वाक्यसुद्धा तयार करून ठेवलं होतं.

ते आले ते पेढे घेऊन. नात झाली होती. रविवारी वहिनी वंदनेला गेल्या आणि डॉक्टर हातपाय धुऊन खुर्चीत बसले. "तिकडं लई गोंगाट. कान कसे उपाशी झालेत. वारंगा लावा, सर. नातीच्या नावानं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा एवढा खुशीत होता की मला वाटलं, आधी हट्टा ऐकू द्यावं, मग सांगू. म्हणालोसुद्धा, "हट्टा लावू का?" ते म्हणाले, "न्हाई, वारंगा." डोळे मिटले. बोट वर केलं.

मी लावली. एकेक बाजू पालटत गेलो. तिसऱ्या तबकडीची मागची बाजू लावली. खरखर सुरू झाली. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. ती जागा आली आणि गेली. बोट हळूहळू खाली आलं.

"सर," ते डोळे मिटूनच म्हणाले, "ही बाजू अशी काहून वाजून राहिली?"

आणि मी म्हणालो, "कशी? मला तर बराबर वाटली."

त्यांनी मान आणखी कलती केली. मग म्हणाले, "काटा बदला." मी बदलला. पुन्हा तेच. आता त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं.

"श्वास आला का तुमाला?"

"आला की," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी का बोललो, याचा विचार मी पुढं अनेकदा केला आहे. मोठं कारण काही नाही. ज्या एका खोलीत मी कामाचा माणूस होतो, तिथून मला उठायचं नव्हतं. एवढंच. डॉक्टरांनी तबकडीकडं हात केला होता, पण मी ती आधीच खणात सरकवली. त्यांनी हात मागं घेतला. माझ्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांचे थोरले भाऊ साठीच्या आसपास ठार बहिरे झाले होते. घराण्यात ते आहे, असं ते कधीकधी म्हणायचे. ते त्यांना तेव्हा आठवलं असणार.

"मंग माझेच कान," ते म्हणाले.

मी दूध बघायला आत गेलो.

पुढचे काही रविवार त्यांनी इतर रचना लावायला सांगितल्या. पण आता ते ऐकत नव्हते, स्वतःला तपासत होते. जरा खरखर झाली की विचारायचे, "ही तबकडीची का माझी?" जुन्या तबकडीत खरखर असतेच. मी सांगायचो, "तबकडीची." ते मान हलवायचे, पण माझी समजूत काढल्यासारखे. दिवाळीनंतर त्यांनी ग्रामोफोनवर कापड टाकलं. प्रज्ञा कान तपासायला नागपूरला चला म्हणून मागं लागली. त्यांनी ऐकलं नाही. "म्हाताऱ्या बैलाला कुणी मशीन लावतं का?" मला हायसं वाटलं. या सगळ्या लिखाणात मला सर्वांत जास्त लाज याच एका वाक्याची वाटते.

त्या हिवाळ्यात मारोती आला. बरोबर एक खोकणारी मेंढी. निवृत्त झाल्यावरही आसपासचे मेंढपाळ डॉक्टरांकडंच येत, आणि तेही गेटजवळच्या लिंबाखाली बसून तपासून देत. मी ओट्यावर होतो. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, मेंढीच्या छातीवर ठेवला. बराच वेळ ऐकलं. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. मग कानातून काढला.

"सरकारी दवाखान्यात न्या, मारोती. मला भरवसा वाटत न्हाई आता."

"काहून, साहेब? काय झालं?"

"कानात काई राहिलं न्हाई."

मारोती हसला. त्याला थट्टा वाटली. "तुमाला? साहेब, तुमी तर मातीत हात घातला तरी मुंगी आजारी हाय का सांगसाल. बरं, नुसता हात लावा. तुमी हात लावला की तिला बरं वाटतं."

"नुसता हात लावून पैसे घेणारे लई हायेत. त्याच्यात मला घालू नका." त्यांनी स्टेथोस्कोप घडी करून ओट्यावरच्या खुंटीला अडकवला. "दवाखान्यात न्या. लवकर न्या."

मारोती माझ्याकडं बघायला लागला. सर, तुमी सांगा की ह्यांना, असं त्याच्या तोंडावर होतं. मी वर्तमानपत्र उलटलं.

स्टेथोस्कोप त्या खुंटीवरून पुन्हा उतरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात टरबूज वहिनींनीच बाजारातून आणलं. कापलं तर पांढरं निघालं. सगळ्यांनी साखर घालून खाल्लं.

मी शेजारी राहत होतो. चहाला जात होतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला नांदेडला मीच बरोबर होतो. वाटेत जाऊन-येऊन इतके तास मिळाले, सांगता आलं असतं. त्यांनी मला कधी परकं केलं नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "सरांचे कान चांगले. आमच्यातला ऐकणारा आता हाच." बायकोला मी पुष्कळ वर्षांनी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना कळलं असेल हो. समजूतदार माणूस, बोलले नसतील." नाही. कळलं असतं तर त्यांनी स्टेथोस्कोप खुंटीवरून काढला असता. त्यांना कळलं नव्हतं.

नंतर वय झालं आणि कान खरंच गेले. आधी फोन बंद झाला, मग गेटचा आवाज, मग माणसं. वहिनी खुणांनी बोलायला लागल्या. चहा म्हणजे अंगठा ओठाशी, झोप म्हणजे हात गालाखाली.

गेल्या थंडीत एका सकाळी वहिनींनी मला बोलावून घेतलं. "सर, येऊन राहिले का जरा? सकाळपासून हात असा असा करून राहिले. मला तर कळेना." त्यांनी तळहात उताणा-पालथा करून दाखवला. मला कळलं. तबकडी पालटायची खूण होती.

डॉक्टर खिडकीपाशी शालीत बसले होते. मला बघून हसले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "वारंगा."

मी हातांनी नाही म्हणालो, हट्ट्याच्या चार भावांची खूण म्हणून चार बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली. "वारंगा. तिसरी. मागची बाजू."

मी ग्रामोफोनवरचं कापड काढलं, तो त्यांच्या खुर्चीजवळ ओढला. डबीत मारोतीचे काटे अजून होते. मारोती जाऊनही बरीच वर्षं झाली. तबकडी खणातून काढली. ती राखाडी बाजू तशीच होती, माझ्या बोळ्याचे गोल फिरलेले माग दिसत होते. मी चावी दिली. डॉक्टरांनी डोळे मिटले, एक तळहात ग्रामोफोनच्या लाकडावर सपाट ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

खरखर सुरू झाली. त्या खोलीत ती मलाच ऐकू येत होती. मला आणि वहिनींना. त्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. "ही लईच खरखर करती," त्या म्हणाल्या. "पैल्यापासून अशीच व्हती का हो, सर?"

"जुनी आहे, वहिनी," मी म्हणालो.

डॉक्टरांचा तळहात लाकडावर जरासा दाबला गेला. थोरला थांबला असावा, धाकटा थांबला, मधली थांबली. खरखरीत मला नीट समजत नव्हतं. पण लाकडातून त्यांना समजलं. आणि आजा सुरू होण्याच्या बरोबर आधी डॉक्टरांनीच नाकानं श्वास ओढला. लांब, भरून. अगदी तसाच, त्याच जागी. मग तबकडीतून तो खालचा आवाज उमटला.

त्यांनी डोळे उघडले. "आला?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. त्यांचं बोट अजून वर होतं. बाजू संपली, काटा आतल्या कडेला घासत राहिला. ते मी पालटण्याची वाट बघत होते. पुढची तबकडी माझ्या हातात होती. वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. त्यांना ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच बहुधा वाकलो. तेवढं बोलणंही जमलं नाही. त्यांना वाटलं, मी शाल सावरायला वाकलोय. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि पुन्हा डोळे मिटले. मी तबकडी पालटली.

थंडी संपायच्या आत ते गेले.

मला त्यांना जे सांगायचं होतं ते मोठं नव्हतं. तबकडी पालटायला लागतो तेवढ्या वेळात सांगून झालं असतं, सूर खाली पडायच्या आत: डॉक्टर, तुमचे कान चांगले होते. श्वास मलाही ऐकू आला नव्हता. तो मी पुसला होता.